दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेला कॅमेरा

फोटोताईच्या दुकानात अधूनमधून एखादा माणूस नवाकोरा कॅमेरा छातीशी धरून, तोंड पाडून यायचा.

"फसवलं हो मला. आत डोळा लावला की सगळं धुकंच धुकं. दुकानदार परत घेत नाही म्हणतो."

फोटोताई कॅमेरा हातात घ्यायची. मागच्या बाजूला डोळा लावायची छोटी खिडकी असते, तिथे एकदा बघायची आणि त्या खिडकीच्या कडेचं नखाएवढं चाक दाखवायची. "हे फिरवलंत का कधी?"

"ते काय असतं?"

मग तिचा ठरलेला पाठ सुरू व्हायचा. कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे धरा, नाहीतर उजळ आभाळाकडे. बटण अर्धंच दाबा, आतले आकडे उजळतील. आता बाहेरचं काही बघायचं नाही, फक्त आतल्या बारीक रेघा आणि ते आकडे बघायचे. चाक एकेक खाच फिरवा. आकडे ठसठशीत झाले की थांबा. आणि टक लावून बसू नका, डोळा मोठा हट्टी असतो, ओढूनताणून धूसरसुद्धा स्वच्छ करून घेतो. बघा, डोळा मिटा, पुन्हा बघा.

"अरेच्चा. म्हणजे बिघडलेला नव्हता?"

"तुमच्याआधी कुणीतरी दुकानात हाताळला असेल. त्याच्या नजरेला लागला होता, आता तुमच्या नजरेला लागला. फोटोला त्याचं काही नाही. फोटो तेव्हाही चांगलाच आला असता, फक्त तुम्हाला काढताना दिसला नसता."

माणूस ओशाळं हसून, कॅमेरा परत छातीशी धरून निघून जायचा.

लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हा तिला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्याचा स्टुडिओ होता. तिथे ती फोटो कापून चौकटीत बसवायच्या कामाला लागली. म्हाताऱ्याला रोज कुणी ना कुणी शिव्या खायला लागायचं आणि बहुतेक दिवशी ती आसपास असायची. पण शिकवायचा मनापासून. "दुसऱ्याचा कॅमेरा हातात आला की आधी चाक बघ," म्हणायचा, "आधी आपली नजर लाव, मग गिऱ्हाइकाला म्हण, हसा." म्हातारा मुलाकडे राहायला गेला तेव्हा दुकान तिच्या हवाली करून गेला. तेव्हापासून ती सगळ्यांची फोटोताई. सासूबाईसुद्धा रागावल्या की म्हणायच्या, "फोटोताईंना सवड झाली तर जेवायला वाढा म्हणावं."

स्वतःच्या कॅमेऱ्याच्या चाकावर तिने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. पिशवीत घासून चाक सरकलं तरी ठिपका रेघेसमोर आणला की काम झालं. ठिपक्याची जागा गेली बरीच वर्षं बदलावी लागली नव्हती, आणि देवाने आपले डोळे शाबूत ठेवलेत याबद्दल ती रोज सकाळी हात जोडताना त्याचे आभार मानायची. नवऱ्याच्या डोळ्यांसाठी वेगळं काही मागायचं तिला कधी सुचलंच नाही. त्याची गरजच काय?

कारण नवरा म्हणजे घारबुवा. नदीपलीकडच्या लोखंडाच्या यार्डात तो क्रेन चालवायचा. शिडी चढून उंच केबिनमध्ये बसायचं आणि सळ्यांचे गठ्ठे उचलून मालगाड्यांवर ठेवायचे. खाली कुणी तंबाखू मळली तरी वरून हा सांगेल कुणाच्या डबीतली, असं यार्डातली माणसं म्हणायची. नाव पडलं ते तसंच. क्रेनच्या घरघरीत वर-खाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खाली एक माणूस हाताने खुणा करत उभा असतो. तळहात उघडा म्हणजे ये, बोटं हलवली म्हणजे हळूहळू, मूठ आवळली म्हणजे थांब. घारबुवासाठी खाली उभा राहणारा माणूस होता फोटोताईचा सख्खा धाकटा भाऊ. मेहुण्यानेच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला होता. यार्डात दोघांची थट्टा चालायची, की बायकोचा भाऊ कायम हुकाखाली ठेवलाय, घरात कोण आवाज चढवणार.

तर झालं काय, की यार्डातल्या सगळ्यांची ओळखपत्रं नव्याने करायची ठरली आणि फोटो काढायचं काम फोटोताईला मिळालं. कॅन्टीनच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून तिने एकेकाला स्टुलावर बसवलं. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्हीही आता आत-बाहेर करणार, तुमचाही पास हवा." तेव्हा तिचा फोटो कोण काढणार, म्हणून घारबुवाला बोलावणं गेलं.

त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "अगं, तुझा कॅमेरा बिघडलाय. तू कुठे आहेस तेच कळत नाही."

"बाजूचं चाक फिरवा. आकडे स्वच्छ दिसेपर्यंत."

तो फिरवत राहिला. मागे रांगेतला कुणी म्हणाला, "घारबुवा, वहिनी आहेत, सळ्या नाहीत, जपून उचला." मग एकदाचं "हां, आता," म्हणत त्याने बटण दाबलं.

फोटो चांगला आला. पण पुढच्या माणसासाठी तिने कॅमेरा हातात घेऊन डोळा लावला आणि समोरचा माणूस तिला दिसेनाच. स्टूल, चादर, माणूस, सगळं दुधात कालवल्यासारखं. तिने चाक बघितलं. लाल ठिपका कुठल्या कुठे गेला होता. चाक थेट शेवटच्या खाचेवर येऊन अडलं होतं, ज्या बाजूला लांबचं न दिसणारे नेतात त्या बाजूला.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हसून तिने ठिपका जागेवर आणला आणि पुढच्याला म्हटलं, "मान सरळ."

घरी जाताना तिने स्वतःची समजूत घातली. त्याने आकडे बघितलेच नसतील, आपल्याकडे बघत बसला असेल, नवखा माणूस हेच करतो. चाक उगाच पुढे नेलं असेल. पण नवखा माणूस चुकला तर थोडा चुकतो, खाचा संपेपर्यंत नाही. आणि शेवटी "हां, आता" म्हणाला तो. त्याला दिसलं होतं.

पोळ्या लाटताना तिचं लक्ष नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "ही तिसरी जळाली. आज काय कोळसा खायचाय का?"

मध्ये चारदोन दिवस नवऱ्याचं पोट बिघडलं. तो जेवायचाच नाही म्हटलं तरी चालेल, नुसतं पाणी. पाणी मात्र तो हल्ली भारीच प्यायचा. केबिनमध्ये उकडतं, म्हणायचा, आणि दोन-दोन बाटल्या घेऊन वर चढायचा. रविवारी सकाळी तो गच्चीवर बसला होता तेव्हा तिने निमित्त काढलं.

"त्या पासाच्या फोटोत मी वाकडी आलेय. जरा दुसरा काढा. आणि आधी नीट शिका. ते आभाळ बघा, तिकडे धरा. बाहेरचं काही बघू नका, आतले आकडे बघा."

"फोटो तुझा आणि बघायचं आभाळ."

"बघा तर."

त्याने सांगितल्याप्रमाणे केलं. डोळा मिटून पुन्हा बघितलं, चाक एक खाच मागे, एक पुढे. फोटो काढून कॅमेरा तिच्या हातात दिला. तिने वळून, पदराआड चाक पाहिलं. मधल्या बाजूला होतं. ठिपक्यापासून लांब, पण त्या दिवसाएवढं नाही, त्याच्या निम्म्यानेही नाही.

तिच्या जिवात जीव आला. या वयात थोडाफार नंबर कुणाला नसतो? मीच वेडी, असं म्हणत ती जिना उतरली, आणि अर्ध्या जिन्यात थांबली. डोळ्याचा नंबर म्हणजे काही भाजीचा भाव नव्हे, आज एक आणि रविवारी दुसरा. मग यातलं खरं कुठलं?

संध्याकाळी धाकटा भाऊ चक्कर टाकायला आला. खिशातून पिवळेजर्द हातमोजे बाहेर डोकावत होते.

"हे काय? रहदारीचा पोलीस झालास का?"

"दाजींचं फर्मान. म्हणाले, पिवळे घाल, उठून दिसतात. आणि हात मोठे हलव म्हणे. हल्ली मी खुणा करत नाही ताई, नाचतो. पोरं शिट्ट्या मारतात."

"आणि ते वरून काय म्हणतात?"

"वरचं खाली ऐकू येतं कुठे? परवाच मी मूठ आवळली, थांबा म्हणून, आणि हुक आपला येतोय खाली. मी उडी मारून बाजूला झालो. नंतर म्हणतात, काचेवर धूळ होती. कसली धूळ? ती काच तर ते दिवसभर पुसत असतात, आरसा करून ठेवलाय."

तो हसला. फोटोताई हसली नाही. आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "धाकट्या, चुगल्या झाल्या असतील तर चहा घे."

"चुगली नाही दाजी, तुमचं कौतुक चाललंय."

चहा तिने केला, पण साखर घातली की नाही हे तिला आठवेना, म्हणून पुन्हा घातली. धाकट्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

पुढचे दिवस तिचं कशातच मन लागेना. दुकानात बसली की यार्डाच्या बाजूला कान. लांबून लोखंड आपटल्याचा आवाज आला की छातीत धस्स व्हायचं, आणि तो आवाज तर तिथे दिवसभर येतो. सकाळी देवापुढे हात जोडायची आणि कुणासाठी काय मागायचं तेच कळायचं नाही. नवऱ्याची नोकरी मागावी तर भाऊ हुकाखाली. भाऊ मागावा तर नवरा केबिनमधून खाली. इकडे आड, तिकडे विहीर. देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतात, पण मागणाऱ्यालाच ठाऊक नसेल तर त्याने तरी काय द्यावं?

शेवटी आणखी एकदा बघायचं तिने ठरवलं. नवऱ्याचं पोट आता सुधारलं होतं, जेवण पहिल्यासारखं झालं होतं, पाण्याच्या बाटल्याही. "आईंचा एक चांगला फोटो घरात नाही," ती म्हणाली, "तुम्ही काढा, तुमच्याकडे बघून त्या हसतील." सासूबाई केस चापून, चष्मा काढून ऐटीत बसल्या. नवऱ्याने कॅमेरा उचलला, बटण दाबलं आणि लगेच परत दिला.

चाकावरचा लाल ठिपका बरोबर रेघेसमोर होता.

फोटोत सासूबाई गळ्यापर्यंत होत्या. वर भिंत.

"बघू," म्हणत सासूबाईंनी चष्मा चढवला. "अरे, मुंडकं कुठाय माझं? जन्म दिला तुला, त्याची ही परतफेड?"

नवरा हसला आणि मोरीकडे निघून गेला. फोटोताई कॅमेरा मांडीवर घेऊन बसून राहिली. आधी दोन्ही वेळा चाक फिरवल्याशिवाय ज्याने बटणाला हात लावला नव्हता, त्याने आज चाकाला बोटही लावलं नव्हतं. धुक्यातच बटण दाबलं होतं. म्हणजे ती चाक बघते आहे हे त्याच्या लक्षात आलं होतं. चोराच्या मनात चांदणं. आणि चोरी होती म्हणून तर चांदणं पडलं.

सासूबाई शेजारी गेल्या तेव्हा ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कधीपासून दिसत नाही?"

"काय दिसत नाही?"

"अहो, मी फोटोवाली आहे. दुसऱ्याची नजर माझ्या चाकावर उमटते. कधीपासून?"

तो बराच वेळ टॉवेलने हात पुसत राहिला. हात केव्हाचे कोरडे झाले होते.

"रोज नाही," तो म्हणाला. "काही दिवस एकदम स्वच्छ. काही दिवस वाटतं, काचेवर कुणी श्वास सोडलाय. मी पुसतो. पुसूनही तसंच. मग डोळे चोळतो. गेल्या तपासणीत पास झालोय मी, कागद आहे."

"कागद हुक थांबवतो का?"

"हळू बोल."

"माझा भाऊ खाली उभा असतो."

"तो माझा कुणी नाही? म्हणून तर हातमोजे दिले. पिवळं मला दिसतं. पिवळं वर गेलं, खाली आलं, सगळं कळतं."

"मूठ कळते?"

तो खुर्चीवर बसला, उठला, खिडकीपाशी गेला.

"क्रेनवरून उतरवलेल्या माणसाचं काय करतात माहीत आहे? साखळ्यांना ग्रीस लावायला बसवतात. वीस वर्षं लोक वर मान करून माझ्याशी बोललेत. आता माझ्या डोक्यावरून बोलतील. एवढी मोठी खेप चालू आहे ती संपू दे. मग मी स्वतः जातो डॉक्टरकडे. तोवर धाकट्याला सांगू नकोस. शपथ आहे तुला."

"कुणाची?"

तो विचारात पडला. कुणाची शपथ घालावी हे त्याला सुचेना, आणि फोटोताईने ती सुचायची वाट पाहिली नाही. ती उठून दुकानात गेली. पण गेली ती दुकानातच. भावाकडे गेली नाही. दुसऱ्या दिवशीही गेली नाही. झाकली मूठ झाकलीच ठेवून ती गिऱ्हाइकांना मान सरळ करायला सांगत राहिली, आणि प्रत्येक माणूस तिला हुकाखाली उभा असल्यासारखा दिसत राहिला.

मग ओळखपत्रं छापून आली आणि ती वाटायला तिला यार्डात जावं लागलं.

जेवणाची सुट्टी होती. गड्यांनी आपापली पत्रं घेतली, एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवली. भोंगा झाला आणि सगळे कामाला लागले. तिने निघायला हवं होतं. ती कॅन्टीनच्या सावलीत उभी राहिली.

समोर मोकळ्या जागेत क्रेनचा रिकामा हुक लोंबत होता. उंच केबिनच्या काचेआड कुणीतरी पांढरं फडकं फिरवत होतं. खाली गठ्ठ्यांपाशी धाकटा पिवळे हात कमरेवर ठेवून उभा. तिने पिशवीतून कॅमेरा काढला आणि डोळ्याला लावला. मग, का कोण जाणे, चाक फिरवत नेलं, पार शेवटच्या खाचेपर्यंत, जिथे त्या दिवशी त्याने नेलं होतं तिथे. हे काही त्याच्या डोळ्याचं खरं माप नव्हे, त्याची धूसरता वेगळी आणि ही वेगळी, हे तिला कळत होतं. पण भाऊ विरघळला. चेहरा गेला, पाय गेले, गठ्ठे आणि जमीन एक झाली. राहिले फक्त दोन पिवळे डाग. ते वर गेले. बोटं कुठली नि मूठ कुठली?

तिने कॅमेरा खाली घेतला आणि चालत भावापर्यंत गेली. 

"ताई, इथे नको येऊस, हुक खाली येईल."

"तुझे हातमोजे दे."

"आत्ता?"

"फोटोत ते फार भडक येतात. नुसत्या हाताने खूण कर, मी काढते."

"तुझं पण काय असतं," म्हणत त्याने हातमोजे काढून दिले. तिने त्याला दंडाला धरून दोन पावलं मागे ओढलं, हुकाच्या रेषेतून बाहेर. मग त्याने उघडा हात वर करून बोटं हलवली. ये, हळूहळू.

हुक हलला नाही.

त्याने पुन्हा खूण केली. मोठी केली, नाचल्यासारखी. केबिनमधलं फडकं काचेवर जोरजोरात फिरू लागलं, थांबलं, पुन्हा फिरू लागलं. हुक होता तिथेच.

"दाजींना झोप लागली की काय?" धाकटा म्हणाला. त्याने शिट्टी घातली. गठ्ठ्यांवरचे गडी वर बघू लागले. फोटोताई कॅमेरा छातीशी धरून मनातल्या मनात देवाला म्हणत होती, हलवू नको. आज काही मागत नाही, एवढंच मागते, त्याचा हात हलू देऊ नको.

मग क्रेनची घरघर बंद झाली. यार्डात एकदम इतकं सामसूम झालं की शिडीवर पडलेलं पहिलं पाऊल सगळ्यांना ऐकू आलं. घारबुवा एकेक पायरी चाचपत खाली उतरत होता. उतरल्यावर तो आधी तिच्यापाशी आला, तिच्या हातातल्या पिवळ्या हातमोज्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तसाच साहेबांच्या खोलीकडे गेला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "दुसरा माणूस चढवा साहेब. मला खालचं दिसत नाहीये."

घरी येईपर्यंत तो तिच्यापुढे चार पावलं चालत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "चारचौघांत उघडं पाडलंस."

"मी हातमोजे घेतले. उतरलात तुम्ही."

 दोघं आपापल्या कोपऱ्यात बसून राहिली. सासूबाईंनी दोन्ही कोपऱ्यांत ताटं नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "भांडा, पण खाऊन भांडा. उपाशी भांडण टिकत नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे फोटोताई त्याच्याबरोबर गेली. बाईंनी त्याला खुर्चीवर बसवलं, एका डोळ्यावर झाकण धरलं आणि समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. त्याने धडाधड वाचला. वरून खालपर्यंत, मुंगीएवढ्या ओळीसकट, न अडखळता. दुसऱ्या डोळ्यानेही तसाच. बाईंनी कौतुकाने मान हलवली. फोटोताईला वाटलं आपणच खुळी, देवा, आपण या माणसाची नोकरी घालवली.

तो खुर्चीवर चुळबुळ करत होता.

"बाई," तो म्हणाला, "हा तक्ता मला पाठ आहे. यार्डाच्या दवाखान्यातही हाच आहे. दुसरा लावा."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दिवा मालवून भिंतीवर दुसरीच अक्षरं पाडली. तो पहिल्या दोन ओळींवर थांबला.

बाईंनी काचा बदलून बदलून नंबर काढला आणि लिहायला कागद ओढला. तेव्हा फोटोताई चाचरत म्हणाली, "बाई, यांचा नंबर एकसारखा राहत नाही. माझ्या कॅमेऱ्याला डोळ्यासाठी चाक असतं. एका दिवशी यांनी पार टोकाला नेलं, चार दिवसांनी निम्म्यावर. तेव्हा यांचं पोट बिघडलेलं, जेवत नव्हते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तहान लागते का फार?"

"केबिनमध्ये उकडतं," तो म्हणाला.

"घरातही उकडतं का?" फोटोताई म्हणाली.

बाईंनी चष्म्याचा कागद बाजूला सारला आणि रक्त तपासायला पाठवलं. साखर निघाली, तीही चांगली चढलेली. साखर वर-खाली होते तसा डोळ्यातला नंबर पुढे-मागे सरकतो, बाईंनी समजावलं. आत्ता चष्मा केला तर पुढच्या महिन्यात तो निकामी. आधी औषध, पथ्य. साखर ठिकाणावर आली की नजर स्थिरावेल, मग नंबर काढू.

"मग वर चढता येईल?" त्याने विचारलं.

"मग बघू. आत्ता गाडीसुद्धा चालवायची नाही."

"बघू म्हणजे हो की नाही?"

"बघू म्हणजे बघू," बाई म्हणाल्या.

यार्डाने त्याला काढलं नाही. ग्रीसच्या डब्यापाशी बसवलं. घरी तो पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालू लागला. औषध घेऊन झालं की लगेच खिडकीत उभा राहून समोरच्या दुकानाची पाटी वाचायचा, रोज, सकाळ-संध्याकाळ. "आज मधली ओळ दिसतेय," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी दिसायची नाही, मग जेवणावर राग निघायचा. सासूबाई म्हणायच्या, "पाटी काय पळून जातेय? बस की खाली."

धाकटा बरेच दिवस घरी आला नाही. आला तेव्हा दाजी औषध आणायला गेले होते. बसला नाही, दारातच उभा राहिला.

"ताई, एक विचारू? तुला त्या दिवशी यार्डातच कळलं, का आधी?"

तिने खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. एवढं सोपं होतं ते.

"आधी," ती म्हणाली.

"किती आधी?"

"तू पिवळे हातमोजे घेऊन आलास, त्याच्याही आधी शंका होती. नंतर खात्री झाली. तरी मी गप्प बसले."

त्याने मान हलवली. जणू हिशोब जुळला, पण जुळल्याचा आनंद नव्हता. "तू मला समोर बसवून चहा दिलास," तो म्हणाला. "मी उडी मारल्याचं सांगत होतो, आणि तू चहा दिलास."

"दोनदा साखर घालून," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तो गेला. पाठीमागे हाक मारायचा तिला धीर झाला नाही. रोज सकाळी हात जोडताना आता ती आपले डोळे शाबूत ठेवल्याबद्दल देवाचे आभार मानायची नाही. डोळे शाबूत असून दिसलेल्याचं आपण काय केलं, हे त्याने विचारलं तर काय सांगायचं, याची तिला भीती वाटायची.

काही आठवड्यांनी नवऱ्याची साखर उतरणीला लागली. बाईंनी अजून चष्म्याचा कागद दिला नव्हता. एका संध्याकाळी तो यार्डातून आला, हातपाय धुतले, आणि खिडकीकडे न जाता जेवायच्या जागी येऊन बसला.

"आज धाकट्याने मला बोलावलं," तो म्हणाला.

फोटोताईचा हात थांबला. "काय म्हणाला?"

"काही नाही. म्हणाला, दाजी, ग्रीसचा डबा ठेवा आणि या इथे. आपल्या शेजारी उभं केलं. नवा माणूस वर होता. धाकटा खुणा करत होता, मी नुसता उभा." त्याने वर छताकडे पाहिलं. "हुक आला डोक्यावर. मी वीस वर्षं तो वरून पाहिलाय, अगं. वरून तो एवढासा दिसतो, गळ टाकल्यासारखा. खालून सगळं आभाळ झाकतो. माझे पाय जागचे सुटले. मी बाजूला पळालो."

"आणि धाकटा?"

"तो उभाच राहिला. त्याने मूठ आवळली, हुक थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, असं असतं दाजी. बस, एवढंच. पुन्हा कामाला लागला."

फोटोताईने ताट पुढे ठेवलं. तो जेवला नाही. उठून खोलीभर फिरला, पुन्हा येऊन बसला.

"उद्या त्याला जेवायला बोलाव," तो म्हणाला.

"येईल का?"

"ठाऊक नाही. बोलाव."

तिने पदराला हात पुसले, चपला पायात सरकवल्या, आणि उद्याची वाट न बघता ती तशीच भावाच्या घराकडे निघाली.